खाली जाताना नव्हे, वर येताना

जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवायची आणि तिच्याभोवती कृत्रिम प्रवाळभित्ती व पाण्याखालचे संग्रहालय उभे करायचे, या प्रकल्पाने सिंधुदुर्गातील पर्यटन व्यावसायिकांच्या आशा वाढवल्या आहेत. १९८५ साली नौदलात दाखल झालेले, सुमारे ८४ मीटर लांबीचे हे जहाज २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आले. प्रकल्पासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले आहेत. चर्चा झाली ती निधीची, रोजगाराची आणि पर्यावरणाची. वैद्यकीय बाजूची चर्चा मात्र फारशी झाली नाही, आणि या प्रकल्पाने सर्वात जास्त बदल घडणार आहे तो नेमका तिथेच.

मालवण, तारकर्ली, देवबाग परिसरात आज ‘स्कूबा’ म्हणून पर्यटकाला जे मिळते ते बहुतांशी उथळ पाण्यातले असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाच-सात मीटर खोली, दहा-पंधरा मिनिटे वेळ, पाठीशी घट्ट धरून ठेवणारा गाईड, समोर पावाचा तुकडा खायला आलेले मासे आणि या सगळ्याचा व्हिडिओ. ‘पोहता येत नसले तरी चालेल’ हे वाक्य जाहिरातीत हमखास असते. बुडालेल्या जहाजाचे गणित वेगळे आहे. वरून बोटी सुरक्षित जायला हव्यात तर असे जहाज खोलवरच ठेवावे लागते. ते पाहायला जाणाराही खोलवर जाणार, जास्त वेळ रेंगाळणार. उथळ पाण्यातला धोका एका प्रकारचा असतो, खोल पाण्यात त्याला दुसऱ्या प्रकारची जोड मिळते. दोन्ही धोक्यांचा संबंध खाली जाण्यापेक्षा वर येण्याशी अधिक आहे.

पहिला धोका फुप्फुसांचा. समुद्रसपाटीला आपल्या अंगावर एक वातावरणाइतका दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. तोंडातला रेग्युलेटर पाणबुड्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवतो, म्हणून तिथे सहज श्वास घेता येतो. आता दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास कोणी रोखून धरला आणि तसाच वर आला, तर पृष्ठभागापर्यंत त्या हवेचे आकारमान दुप्पट होते. सहा लिटरचे बारा लिटर व्हायला छातीत जागा नसते. फुप्फुसातील नाजूक वायुकोश फाटतात, हवेचे बुडबुडे थेट रक्तात शिरतात आणि हृदयातून मेंदूकडे जातात. यालाच धमनीतील वायुअडथळा म्हणतात. वर येताच, किंवा पहिल्या दहाएक मिनिटांत, माणूस बेशुद्ध पडतो, त्याला झटके येतात किंवा अर्धे अंग लुळे पडते.

‘आम्ही फार खोल नेत नाही’ हा दिलासा इथे अपुरा पडतो. वीस मीटरवरून दहावर येताना हवा दीडपट होते, दहावरून शून्यावर येताना दुप्पट. दाबातला सर्वात तीव्र फरक शेवटच्या काही मीटरमध्येच असतो. पूर्ण भरलेली छाती घेऊन श्वास रोखला तर जेमतेम सव्वा मीटर खोलीवरून वर येतानाही अशी इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पोहण्याच्या तलावातल्या प्रशिक्षणातही हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात तो त्यामुळेच: श्वास कधीही रोखायचा नाही.

गंमत अशी की चांगल्या पोहणाऱ्याची सवय याच्या अगदी उलट असते. विहिरीत सूर मारणारा मुलगा वर छाती भरून घेतो, श्वास रोखून तळ गाठतो आणि वर येतो. त्याला काही होत नाही, कारण त्याने श्वास पृष्ठभागावरच्या दाबाला घेतलेला असतो. खाली जाताना ती हवा आक्रसते, वर येताना मूळ आकाराला येते, त्यापलीकडे नाही. टाकीतली हवा खाली घेतली की हे गणित बदलते. मास्कमध्ये पाणी शिरले, घाबरगुंडी उडाली की नवखा माणूस सवयीने श्वास कोंडतो आणि वर झेपावतो. ही एक गोष्ट इंजिनाच्या आवाजात, हेलकावणाऱ्या बोटीवर, दोन मिनिटांत सांगून भागणारी नाही. ती किनाऱ्यावर, पर्यटकाला कळणाऱ्या भाषेत सांगावी लागते आणि कमरेएवढ्या पाण्यात करून घ्यावी लागते.

दुसरा धोका नायट्रोजनचा. आपण घेतो त्या हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी शरीराला त्याचा उपयोग नाही आणि उपद्रवही नाही. दाब वाढला की मात्र तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, सांधे, मज्जारज्जू यांत अधिकाधिक विरघळत जातो. किती विरघळणार हे खोली आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असते. हळू वर आले तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आले तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होते तेच शरीरात होते. बुडबुडे सांध्यांत अडकले तर खांदा, कोपर, गुडघा ठणकतो. त्वचेखाली असले तर खाज आणि जांभळट ठिपके दिसतात. मज्जारज्जूत अडकले तर पाय बधिर होतात, लघवी अडकते, आणि उपचाराला उशीर झाला तर अपंगत्व कायमचे राहू शकते. यालाच डीकॉम्प्रेशन सिकनेस किंवा बोलीभाषेत ‘बेंड्स’ म्हणतात. वायुअडथळा आणि हा आजार मिळून ‘डीकॉम्प्रेशन इलनेस’ असे एकत्र नावही वापरतात, कारण प्रथमोपचार दोन्हींचा एकच आहे.

हा आजार माणसाला पाणबुड्यांच्या आधी पुलांच्या पायांनी दाखवला. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी खोदकाम करण्यासाठी दाबाची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांत मजूर उतरत. अमेरिकेत सेंट लुईसच्या ईड्स पुलाच्या कामात डझनाहून अधिक मजूर याने दगावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच आजाराने अंथरुणाला खिळले आणि पुढचे काम पत्नी एमिली यांच्यामार्फत करून घ्यावे लागले. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी १८७८ मध्ये दोषी नायट्रोजनच आहे हे दाखवले. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी बोकड-शेळ्यांवर दाबाचे प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते प्रसिद्ध केले. शरीरातील वेगवेगळ्या ऊती वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन घेतात आणि सोडतात, ही त्यांची कल्पना आजही पाणबुड्याच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये काम करते आहे.

पाच-सात मीटरवर पंधरा मिनिटे घालवणाऱ्या पर्यटकाला बेंड्स होण्याची शक्यता जवळपास नसते, हे स्पष्ट सांगायला हवे. अशा पर्यटकाला नायट्रोजनची भीती घालणे चुकीचे आहे. त्याचा खरा धोका श्वास रोखणे, कानाचा पडदा, घबराट आणि हृदय हा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९४७ स्कूबा मृत्यूंच्या एका अभ्यासात, सुरुवात कशाने झाली हे ज्या प्रकरणांत कळले त्यांपैकी ४१ टक्क्यांत टाकीतली हवा संपली होती. अंतिम इजा म्हणून बुडणे व गुदमरणे, वायुअडथळा आणि हृदयविकार हे तीन प्रकार पुढे आले. बेंड्सने झालेले मृत्यू अगदी थोडे होते. बेंड्स मारतो कमी, अधू करतो जास्त.

खोली वाढली की मात्र घड्याळ महत्त्वाचे होते. हौशी पाणबुड्यांसाठीच्या एका प्रचलित तक्त्यानुसार, वाटेत सक्तीचा थांबा न घेता वर येता यावे यासाठी १८ मीटरवर ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. त्याच दिवशी दुसऱ्यांदा उतरायचे तर ही मुदत आणखी घटते, कारण पहिल्या वेळचा नायट्रोजन अंगात शिल्लक असतो. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त नसावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, हा सर्वमान्य संकेत आहे. तक्ता काटेकोर पाळूनही क्वचित कोणाला बेंड्स होतोच. सुमारे एक चतुर्थांश प्रौढांच्या हृदयात डाव्या-उजव्या कप्प्यांमधले जन्मापूर्वीचे लहानसे छिद्र पूर्ण बुजलेले नसते. एरवी ते कळतही नाही, पण त्यातून बुडबुडे फुप्फुसांची चाळणी चुकवून धमन्यांत जाऊ शकतात. अंगात पाणी कमी असणे, पाण्याखाली अतिश्रम, वाढते वय यांनीही जोखीम वाढते. रात्री उशिरापर्यंत मद्यपान आणि सकाळी आठला बुडी, हा किनाऱ्यावरच्या सुट्टीचा लाडका बेत या यादीत चपखल बसतो.

या सगळ्यात ज्याचा विचार सर्वात कमी होतो तो म्हणजे गाईड. पर्यटक आयुष्यात एकदा उतरतो. गाईड हंगामात रोज उतरतो, आणि एका दिवसात अनेकदा. एकाला वर सोडायचे, दुसऱ्याला घेऊन खाली जायचे, नांगर अडकला म्हणून पुन्हा एक फेरी. पाणबुड्यांच्या भाषेत याला ‘यो-यो डाइव्हिंग’ म्हणतात. मत्स्यशेतीत पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या पाणबुड्यांच्या बाबतीत वारंवार वर-खाली करण्याचा हा प्रकार बेंड्सला निमंत्रण देणारा ठरला आहे. प्रत्येक चढणीत थोडे बुडबुडे तयार होतात, पुढच्या उतरणीत ते आकसून फुप्फुसांतून पुढे सरकतात आणि नंतरच्या चढणीत भलत्या ठिकाणी फुगतात. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात हा भार बेताचा राहतो. तीच माणसे, तीच पद्धत आणि खोली तिप्पट, असे झाले तर तो बेताचा राहणार नाही.

मजुरी फेरीवर ठरते तिथे काय होते याचे उदाहरण मध्य अमेरिकेत आहे. होंडुरासच्या किनाऱ्यावरील मिस्कितो समाजातील तरुण निर्यातीसाठीच्या शेवंडांकरिता जुजबी साधनांनिशी दिवसभर खोल बुड्या मारतात. त्यांतील शेकडो जण पायांनी अधू झाले. ४२ पाणबुड्यांच्या एका प्रकरणात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये होंडुरास सरकारला जबाबदार धरले, कारण या धंद्यावर देखरेख ठेवणे हे सरकारचे काम होते. कोकणातली परिस्थिती तशी नाही आणि तशी होण्याचे कारणही नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथून प्रशिक्षित झालेले स्थानिक तरुण आहेत, २०२१ पासून राज्याचे साहसी पर्यटन धोरण आणि त्यातली नोंदणीची अट आहे. पण मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला तेव्हा कागद आणि किनारा यांतले अंतर दिसलेच. गाईडने दिवसात किती वेळा, किती खोलीवर, किती मिनिटे घालवली याची नोंद ठेवणे आणि फेऱ्यांना मर्यादा घालणे, हे जहाजाच्या प्रकल्पाआधी करण्याचे काम आहे. प्रत्येक गाईडच्या मनगटावर स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर असला तर ही नोंद आपोआप होते.

परतीच्या प्रवासाचाही एक नियम आहे, आणि अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना तो विशेष लागू होतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना विमानात बसणे म्हणजे आणखी एकदा वर येणे. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, एकाहून अधिक किंवा सलग दिवसांच्या बुड्यांनंतर १८ तास, आणि वाटेत सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त काळ विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. हा संकेत सुमारे ६०० मीटरवरच्या उंचीला लागू होतो, विमानापुरता नाही. आंबोली घाटमाथा ७०० मीटरच्या आसपास आहे. आज उथळ पाण्यातून आलेल्या पर्यटकाला त्याची चिंता नको. पण उद्या वीस मीटरवर दोन बुड्या मारून संध्याकाळीच घाट चढून बेळगाव-कोल्हापूर गाठणाऱ्याला ती हवी, आणि चिपी किंवा मोपाहून रात्रीचे विमान पकडणाऱ्याला तर नक्कीच.

बेंड्सच्या लक्षणांची अडचण ही की ती बहुतेकदा पाण्याबाहेर, घरच्या वाटेवर सुरू होतात. साधारण निम्म्या रुग्णांना पहिल्या तासात आणि बहुतेकांना सहा तासांत त्रास जाणवतो. तोवर माणूस गाडीत असतो. खांदा दुखतो तो टाकी उचलल्याने, हात बधिर झाला तो अवघडून झोपल्याने, थकवा उन्हाचा, अशी समजूत सहज घातली जाते. दुसऱ्या दिवशी गावातले डॉक्टर वेदनाशामक देतात, कारण त्यांना कोणी बुडीबद्दल सांगितलेले नसते आणि त्यांनीही विचारलेले नसते. कोकण, गोवा, अंदमानहून परतलेल्या रुग्णाला सांधेदुखी, मुंग्या, चक्कर किंवा लघवीची तक्रार असेल तर ‘गेल्या दोन दिवसांत पाण्याखाली गेला होता का’ हा एक प्रश्न पुरेसा असतो.

प्रथमोपचार साधा आहे. रुग्णाला आडवे निजवायचे, घट्ट बसणाऱ्या मास्कने शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, शुद्धीत असेल तर पाणी पाजायचे. ऑक्सिजनमुळे फुप्फुसांतला नायट्रोजन कमी होतो आणि बुडबुड्यांतला नायट्रोजन बाहेर पडू लागतो. बरे वाटले म्हणून ऑक्सिजन बंद करायचा नाही आणि ‘पुन्हा खाली नेऊन हळू वर आणू’ हा अघोरी उपाय कधीच करायचा नाही. कोविडने सिलिंडरची भाषा घराघरात पोहोचवली आहे, त्यामुळे हिशेब समजायला सोपा आहे. मिनिटाला १५ लिटरने ३०० लिटरचा छोटा सिलिंडर २० मिनिटांत संपतो, १,५०० लिटरचा ‘बी टाइप’ शंभर मिनिटे पुरतो. बोटीवर कोणता आहे, भरलेला आहे का, त्याचा मास्क कुठे आहे आणि तो लावायला कोणाला येते, हे पर्यटकाने विचारले तर त्यात काही वावगे नाही.

खरा उपचार रिकंप्रेशन चेंबरमध्ये होतो. रुग्णाला बंद दाबकक्षात ठेवून १८ मीटर खोलीइतका, म्हणजे २.८ वातावरणांचा दाब दिला जातो आणि शुद्ध ऑक्सिजन देत पावणेपाच तासांत हळूहळू बाहेर आणले जाते. अमेरिकी नौदलाने घालून दिलेली ही पद्धत जगभर वापरतात. शहरांत सध्या आरोग्यवर्धनाच्या नावाखाली १.३ वातावरण दाबाच्या कापडी पिशव्यांनाही ‘हायपरबेरिक’ म्हणून विकतात. त्यांचा इथे उपयोग नाही. जखमा भरण्यासाठी रुग्णालयांनी बसवलेली प्रत्येक यंत्रणाही मज्जारज्जूची इजा झालेल्या पाणबुड्याला घेण्यास सज्ज असेलच असे नाही. नौदलाकडे या विषयाचे जुने ज्ञान आहे. मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात सागरी वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. पण मालवणहून मुंबई रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आसपास आहे. हेलिकॉप्टरने न्यायचे तर त्याने ३०० मीटरच्या खालूनच उडायला हवे, नाहीतर वाटेतच बुडबुडे वाढतील. निवतीच्या समुद्रातून किनाऱ्यापर्यंत बोट, किनाऱ्यावरून ओरोसचे जिल्हा रुग्णालय, तिथून चेंबर, या प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो, रात्री फोन कोण उचलतो आणि नागरी रुग्णाला नौदलाच्या दारात नेण्याची परवानगी कोण देतो, हे लिहून, एकदा तरी रंगीत तालीम करून तपासलेले असायला हवे. सुमारे ४७ कोटींच्या प्रकल्पात दोन-तीन कोटींचा स्वतःचा चेंबर आणि तो चालवणारे प्रशिक्षित डॉक्टर जिल्ह्यातच असावेत का, हा प्रश्नही पहिल्या तिकिटाच्या विक्रीआधीच सोडवायला हवा.